डाव्याने, मग उजव्याने

मार्वेच्या धक्क्यावर अण्णा म्हणाले,
परतीचंही तिकीट आत्ताच काढ,
जणू पलीकडे गेलेलं माणूस
सुट्या पैशांवाचून तिकडेच अडकतं.

पाण्यावर पाच मिनिटं.
एवढ्याला बेट म्हणायचं का, कोण जाणे.
पण चारी बाजूंनी पाणी आहे, नकाशात तसं आहे
आणि मला सुट्टी एकाच दिवसाची होती.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघून तीन आठवडे झाले.
डावा पुढच्या महिन्यात.
तोवर अण्णांपाशी दोन मनोऱ्या आहेत.
होडीची कड, खारफुटी, मोटारसायकलवर बसूनच
खाडी ओलांडणारा पाववाला,
सगळं ते आधी डाव्याने बघतात, मग उजव्याने,
नाणं खोटं की खरं वाजवून बघावं तसं.
"डाव्यात सगळं चहात बुडवलेलं आहे," म्हणाले.
"सहा वर्षं मी चहातच राहत होतो की काय."

वाळूपलीकडे वलांडीवर बोंबील टांगलेले,
जबड्यात जबडा अडकवून, रांगेने.
अण्णा काळा चष्मा कपाळावर सारून उभे.
"चष्मा," मी म्हटलं. "ऊन आहे."
"थांब गं. हे गुलाबी आहेत. मला वाटायचं, मळके असतात."

नंतर ताडगोळे. सहा घेतले, चार त्यांनीच खाल्ले,
साल न काढता, पाणी कोपरापर्यंत.
चर्च बाहेरूनच पाहिलं, कारण आत कुणाचं तरी लग्न होतं
आणि अण्णांना बॅण्डवाल्यांच्या कोटाची लाल किनार
बघायची होती. दोनदा.

एस्कोलास्तिका मावशींच्या अंगणात तीन टेबलं,
एकाचा पाय नारळाच्या करवंटीत टेकवलेला.
चटईवर मिरच्या वाळत होत्या; एप्रिल सरत आलेला,
मसाला कुटायच्या बाया सोमवारी येणार होत्या.
"काय खाणार? बोंबील हायेत, ओले. फुगे आता काढते."
फुगे आले. गोल, गरम, आत नुसती हवा
आणि ताडीचा जरासा आंबट वास.
हातभाकरी आली, बाटली मसाल्यातली मांदेली आली,
डॉक्टरांनी तिखट कमी करा म्हटलेलं
ते मी बोलले, आणि रस्सा तसाच संपला.

चाळीस वर्षं अण्णांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या,
बोरिवली ते भाईंदर, कुठेही विचारा.
शेवटची भावसार स्टोअर्सची.
गिऱ्हाइकाने निळी सांगितली होती.
डबा उघडून त्यांनी जो रंग भरला, तो हिरवा होता.
भावसारांनी पैसे पुरे दिले.
कोणी काही बोललं नाही.
मीही रोज त्या पाटीखालून रिक्षा पकडत राहिले.

मांदेलीचा काटा ताटाच्या कडेला ठेवत
अण्णा म्हणाले, "भावसारांची पाटी हिरवी आहे ना?"

मी पाणी प्यायले. भांडं रिकामं होतं, तरी प्यायले.
"परवा बँकेत जाताना बघितली," ते म्हणाले.
"अक्षरं मात्र चांगली जमलीत.
'भा'चा काना एकदम ओळंब्यात."

मावशी आणखी फुगे घेऊन आल्या.
"नको नको, आमची बोट..."
"बोट कुठं पलते? बसा निवांत."
बसलो. ऊन चटईवरून मिरच्यांच्या टोकाशी सरकलं.
बियरच्या तपकिरी बाटलीत दाबून भरलेला
गेल्या वर्षीचा मसाला त्यांनी आणून दिला,
बुचावर कापड, कापडावर दोरा.
अण्णांनी बाटली उन्हात धरून
डाव्याने बघितली, मग उजव्याने,
आणि किंमत न विचारता पाकीट काढलं.
माझ्या आठवणीत हे पहिल्यांदा.

परतीच्या होडीत बाटली त्यांच्या मांडीवर,
टॉवेलात गुंडाळलेली, बाळासारखी नाही,
ब्रशांची पिशवी धरायचे तशी.
खाडीवरचा वारा, डिझेलचा वास.
मग ते माझ्याकडे वळले.
मी कानामागे केस सारले, म्हणजे दिसायचे ते दिसू देत.
आधी डावा मिटला.
बराच वेळ बघितलं.
मग तो उघडला, उजवा मिटला,
आणि धक्का लागेपर्यंत
तो मिटलेलाच होता.

"वारा फार आहे," म्हणाले, "डोळ्यात जातो."